लाइटसेबरच्या मुठीतला अनोळखी बोर्ड कसा उलगडायचा

लाइटसेबरच्या, म्हणजे स्टार वॉर्स सिनेमातल्या उजेडाच्या तलवारीच्या नकलेच्या, खोक्यावर सगळं छापलेलं असतं, रंग किती, आवाज किती, चार्जिंगला किती वेळ, फक्त आत कुठला सर्किट बोर्ड बसवलाय ते सोडून. विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो "पिक्सेल बोर्ड आहे सर, बेस्ट क्वालिटी", म्हणजे त्यालाही माहीत नाही. मग एक दिवस काहीतरी बंद पडतं, किंवा तुम्हाला स्वतःचे आवाज टाकायचे असतात, किंवा दुसऱ्या कंपनीचं पातं लावायचं असतं आणि तिथे गाडी अडते. तर असा अनोळखी लाइटसेबर घेऊन त्याच्या आतलं सर्किट स्वतःच कसं शोधून काढायचं, तेही शक्यतो काही न जाळता, ते सांगतो.

बहुतेक जण मूठ उघडली की पहिल्यांदा सगळ्यात मोठ्या चिपचा नंबर गूगल करतात आणि तिथेच अडकून पडतात, कारण एकतर नंबर घासून काढलेला असतो नाहीतर असा काहीतरी कोड असतो की ज्याची डेटाशीट, म्हणजे माहितीपत्रक, कुठेच मिळत नाही. माझं म्हणणं, चिपचं नाव सगळ्यात शेवटी. आधी बोर्डातून बाहेर जाणाऱ्या वायरी. चिप कुठलीही असू दे, पात्यातल्या एलईडींशी तिला एलईडींच्याच भाषेत बोलावं लागतं आणि मोशन सेन्सरशी सेन्सरच्या, आणि त्या दोन्ही भाषा छापील आहेत, फुकट वाचायला मिळतात.

मूळ वस्तूशी तुलना करून काही कळेल असं वाटत असेल तर ते विसरा. १९७७ च्या स्टार वॉर्समधला ल्यूकचा सेबर म्हणजे ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेरा फ्लॅशची मूठ होती, तिला रबरी पट्ट्या आणि एका कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची भिंगांची पट्टी लावलेली, बास. पात्याचा उजेड नंतर फिल्मवर चढवला, आवाज नंतर घातला. त्यामुळे ज्याची नक्कल करावी असं खरं सर्किट कधी नव्हतंच, प्रत्येक उत्पादकाने आपापल्या डोक्याने काहीतरी जुळवलंय. म्हणूनच एकाचा पिनआउट, म्हणजे कुठली पिन कशाची याची यादी, दुसऱ्याला चालेलच असं नाही, आणि नेटवर सापडलेला फोटो "सेम टू सेम" दिसला तरी वायरी तपासल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवायचा नाही.

आता सुरुवात करण्याआधी एक ठरवा, तुम्हाला हवंय काय? नुसते आवाज बदलायचे असतील तर नव्वद टक्के वेळा मूठ उघडायचीही गरज नाही, मेमरी कार्डावर काम भागतं. पातं किंवा स्पीकर बदलायचा असेल तर वायरींचा नकाशा पुरेसा आहे. जुना बोर्ड काढून ओपन सोर्सवाला बसवायचा असेल तर नकाशा आणि पात्याची माहिती दोन्ही लागेल. आणि आतलं फर्मवेअरच (चिपमधला प्रोग्राम) वाचायचं असेल तर ते वेगळंच प्रकरण आहे, त्यावर खाली बोलू, पण आत्ताच सांगतो की बहुतेकांना त्याची काही गरज नसते.

स्क्रू ड्रायव्हर लांब ठेवा अजून

सेबर चालू करून फोनच्या स्लो मोशनमध्ये, २४० फ्रेमवर, पातं पेटताना शूट करा. उजेड मुठीपासून टोकाकडे चढत गेला तर पात्यात एलईडीची पट्टी आहे, म्हणजे पिक्सेलवाला. पूर्ण नळी एकदमच उजळली तर एलईडी मुठीत आहे आणि पातं म्हणजे नुसती पॉलिकार्बोनेटची पोकळ नळी. खात्री करायला पातं काढून बुडाकडे बघा, पिक्सेलवाल्या पात्याच्या बुडाला छोटा गोल सर्किट बोर्ड (पीसीबी) असतो ज्यावर तांब्याच्या कड्या आणि मधे ठिपका असतो आणि मुठीच्या बाजूला स्प्रिंगवाल्या पोगो पिना असतात. दुसऱ्या प्रकारात मुठीत खाली भिंग दिसतं आणि भिंगाखाली तीन किंवा चार तुकड्यांचा जाडजूड एलईडी. या दोन प्रकारांचं सर्किट पूर्ण वेगळं असतं, त्यामुळे हे आधी नक्की करा. जुन्या मास्टर रेप्लिकाज फोर्स एफएक्सचे सुरुवातीचे नमुने हा तिसराच प्रकार, त्यात एलईडीऐवजी इलेक्ट्रोल्युमिनसंट वायर होती आणि ती चालवायला शंभर व्होल्टच्या आसपासचा एसी बनवणारा इन्व्हर्टर लागतो, असा कुणाच्या हाती आला तर चालू असताना आत बोट घालू नका.

मग बटणं. एकदा दाबून, दोनदा दाबून, धरून ठेवून, मूठ खाली करून धरून, पिळून, आपटून, जे जे सुचेल ते करून बघा आणि काय होतं ते कागदावर लिहा. कंटाळवाणं काम आहे पण नंतर वायरींवरचे सिग्नल रेकॉर्ड करणारा लॉजिक अ‍ॅनालायझर लावल्यावर हाच कागद उपयोगी पडतो, कारण तेव्हा तुम्हाला ठरवून एक एक गोष्ट घडवायची असते.

मेमरी कार्ड असेल तर ते काढा, बहुतेक वेळा पॉमेल, म्हणजे मुठीचं बूड, फिरवलं की सापडतं. कॉम्प्युटरला लावून आधी पूर्ण कार्डाची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्या, नुसत्या फायली कॉपी करू नका. काही बोर्ड फायली नावाने नाही तर ज्या क्रमाने कार्डावर लिहिल्यात त्या क्रमाने वाचतात, आणि कॉपी-पेस्टमध्ये तो क्रम बदलला की क्लॅशच्या, म्हणजे पातं आपटल्याच्या, आवाजाच्या जागी सेबर सुरू होतानाचं म्युझिक वाजतं. आत फॉन्टचे, म्हणजे आवाजांच्या संचांचे, फोल्डर, वेव्ह फायली आणि एखादी साधी टेक्स्ट कॉन्फिग फाइल दिसली तर अर्धी लढाई जिंकलात, ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचा, त्यात पिक्सेलची संख्या, आवाजाची पातळी, स्विंगची, म्हणजे फिरवण्याची, सेन्सिटिव्हिटी सरळ लिहिलेली असू शकते. नवीन कार्ड टाकणार असाल तर एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, ३२ जीबीच्या वरची कार्डं कारखान्यातून एक्सफॅटमध्ये येतात आणि बरेच बोर्ड ते ओळखत नाहीत.

एक युक्ती फार कमी लोक वापरतात. सेबरला ब्लूटूथ असेल आणि तो अमेरिकेत विकला जात असेल तर त्यावर किंवा मॅन्युअलमध्ये एफसीसीचा, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामक संस्थेचा, आयडी असतो. तो नंबर एफसीसीच्या सर्चमध्ये टाकला की टेस्ट रिपोर्टसोबत आतल्या बोर्डाचे फोटोही बऱ्याचदा उघड मिळतात. म्हणजे स्क्रू न काढता आतलं दर्शन, फुकट.

उघडताना

पातं धरणारा बारका स्क्रू आणि आतल्या चासीचे, म्हणजे बोर्ड-बॅटरी धरणाऱ्या सांगाड्याचे, स्क्रू बहुतेक बिनडोक्याचे असतात, एम४ ला २ मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते, एम३ ला दीड. अमेरिकन मुठींवर इंची माप असतं, तिथे ढिली की घालून जोर लावला तर षट्कोन गोल होऊन बसतो, मग ड्रिलशिवाय इलाज नाही. चासी सरकत नसेल तर ओढू नका, एखादी वायर बटणाला अडकलेली असते.

पहिलं काम बॅटरी. आत बहुधा १८६५० सेल असतो, १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. पिक्सेल सेबरमधले सेल जास्त करंट देणारे असतात, म्हणजे शॉर्ट झाला तर वायर लाल होईपर्यंत करंट देतील, आणि मूठ अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे सगळीकडे शॉर्ट व्हायला तयारच. सेल निघण्यासारखा असेल तर काढा, वेल्ड केलेला असेल तर आधी एकच वायर कापा, तिच्यावर लगेच हीट श्रिंक (तापवल्यावर आक्रसणारी नळी) किंवा कॅप्टॉन (उष्णता सोसणारी इन्सुलेशन) टेप, मगच दुसरी. दोन्ही वायरी एका कात्रीने एकत्र कापणारे लोक आहेत, ठिणगी बघून मग शहाणे होतात.

फोटो काढा, दोन्ही बाजूंनी, तिरप्या उजेडात. वायरींच्या रंगांवर विश्वास नको. लाल म्हणजे प्लस हे फक्त बॅटरीपाशी खरं मानायचं आणि तिथेही मीटर लावूनच. कारखान्यात जी रीळ संपायला आली होती ती वापरलेली असते.

सामान फार लागत नाही, कंटिन्युइटीचा, म्हणजे जोडणी असली की वाजणारा, बीप असलेला मल्टीमीटर, बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न, आयसोप्रोपिल अल्कोहोल, भिंग, आणि आठ चॅनेलचा २४ मेगाहर्ट्झवाला स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत मीटर-आयर्न हात लावून घेता येतं, अ‍ॅनालायझर ऑनलाइन घेतलेला बरा. सॉफ्टवेअर म्हणजे सिगरॉकचा पल्सव्ह्यू, फुकट आहे आणि या स्वस्त क्लोनबरोबर नीट चालतो. करंट लिमिटवाला बेंच सप्लाय, म्हणजे व्होल्टेज आणि करंट ठरवता येणारा वीजपुरवठा, मित्राकडून उधार मिळाला तर उत्तमच.

वायरींचा नकाशा

बॅटरी निघालेली आहे, आता ग्राउंड, म्हणजे बोर्डाचा समाईक मायनस, शोधायचा. इथे एक खाचखळगा आहे. सेलचं मायनस म्हणजे बोर्डाचा ग्राउंड असं धरून चालू नका, कारण बऱ्याच सेबरमध्ये डीडब्ल्यू०१ ही प्रोटेक्शन चिप आणि तिच्याबरोबर ८२०५ नावाची मॉसफेटची, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या स्विचची, जोडी असते, आणि ही जोडी मायनसच्याच वाटेत बसते. म्हणजे सेलचं मायनस एका बाजूला, बोर्डाचा ग्राउंड दुसऱ्या, आणि मधे बंद दरवाजा, बीप येणारच नाही. त्यापेक्षा मेमरी कार्डाच्या सॉकेटचं धातूचं कव्हर किंवा यूएसबीचं कव्हर हा ग्राउंड धरा, बहुतेक ठिकाणी तो बरोबर निघतो. त्याच भागात टीपी४०५६ असं लिहिलेली आठ पायांची चिप दिसली तर तो चार्जर, त्याचा करंट शेजारच्या एका रेझिस्टरने ठरतो, १.२ किलोओहमला १ अँपिअर. चार्जिंग फार हळू होत असेल तर आधी तो रेझिस्टर वाचा.

मग एकेक पॅड घेऊन कागदावर लिहायचं. बटणाची एक वायर ग्राउंडला जाते, दुसरी चिपकडे. बटणाभोवती उजेडाची कडी असेल तर तिच्या वेगळ्या वायरी. स्पीकरच्या दोन. यूएसबीच्या दोन किंवा चार, डेटाच्या दोन वायरी खरंच चिपपर्यंत जातात का ते बघा, बऱ्याच स्वस्त सेबरमध्ये यूएसबी नुसती चार्जिंगसाठी असते आणि लोक उगाच ड्रायव्हर शोधत बसतात.

पात्याच्या तीन वायरी सगळ्यात महत्त्वाच्या, प्लस, मायनस, डेटा. प्लस साधारण थेट बॅटरीला जोडलेला असतो आणि बंद-चालू करायचं काम मायनसच्या बाजूला मॉसफेट करतो, म्हणून बंद बोर्डावर पात्याचं मायनस आणि ग्राउंड यांच्यात बीप येत नाही. त्या मायनसच्या पॅडवरून मागे मागे गेलात की ज्या तीन किंवा आठ पायांच्या चिपपाशी पोचता तोच मॉसफेट, आणि त्याला हुकूम देणारा गेट पाय ज्या पायाला जातो तो कंट्रोलरचा, म्हणजे मुख्य चिपचा, पाय. डेटाच्या वायरीत मधे शंभर ते पाचशे ओहमच्या दरम्यानचा रेझिस्टर असतो त्यामुळे तिथेही बीप येत नाही, मीटर ओहमवर लावून मोजा. बीप आला नाही म्हणजे जोडणी नाही, असा निष्कर्ष काढून लोक तासंतास भटकतात.

मुठीत एलईडी असलेल्या प्रकारात डेटा वगैरे भानगड नाही, प्लस एकच आणि लाल, हिरवा, निळा यांचं मायनस वेगवेगळं, प्रत्येकाला आपला मॉसफेट. फोनच्या कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसतात ते त्याच मॉसफेटच्या भराभर उघडझापीमुळे. हा प्रकार तासाभरात पूर्ण उलगडतो, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

वीज देऊन बघणं

पातं न लावता सप्लाय ४ व्होल्टवर, लिमिट ३०० मिलीअँपवर ठेवून बॅटरीच्या जागी जोडा. काही न करता लिमिट लागला तर शॉर्ट आहे, थांबा. सगळं ठीक असेल तर मीटरने व्होल्टेज शोधा, कुठेतरी ३.३ नक्की सापडेल, कंट्रोलर, कार्ड आणि सेन्सर त्यावर चालतात. आवाज मोठा वाजताना लिमिट लागून बोर्ड रीसेट होत असेल तर १ अँपिअरपर्यंत वाढवा.

पातं लावल्यावर हिशोब बदलतो. एका मीटरला १४४ एलईडीवाली पट्टी असेल तर मोठ्या पात्यात साधारण १३० च्या आसपास एलईडी, आणि दोन्ही बाजूंनी उजेड पडावा म्हणून अशा दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून, म्हणजे अडीचशेच्या वर. एका एलईडीला पूर्ण पांढऱ्यावर ३६ ते ६० मिलीअँप धरले तर कागदावर दहा-पंधरा अँपिअर होतात. प्रत्यक्षात पट्टीतला व्होल्टेज ड्रॉप आणि फर्मवेअरची मर्यादा यामुळे तेवढा जात नाही, पण "क्लॅश केला की सेबर बंद पडतो" या तक्रारीचं कारण बहुतेकदा इथेच असतं. क्लॅशला पातं क्षणभर पांढरं होतं, थकलेल्या सेलचं व्होल्टेज कोसळतं आणि कंट्रोलर रीबूट होतो. बोर्ड खराब नसतो, सेल म्हातारा झालेला असतो.

पात्याशी चाललेलं बोलणं ऐकायचं

आता मजेचा भाग. अ‍ॅनालायझरचा ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला, एक चॅनेल डेटाच्या पॅडवर, लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर. सॅम्पल रेट कमीत कमी १२ मेगाहर्ट्झ, जमलं तर २४. हे का, तर पात्यातल्या एलईडी बहुधा डब्ल्यूएस२८१२बी किंवा तिची भावंडं असतात, आणि तिथे एका बिटला १.२५ मायक्रोसेकंद मिळतात. लाइन ०.४ मायक्रोसेकंद वर राहिली तर शून्य, ०.८ राहिली तर एक. २ मेगाहर्ट्झवर दर अर्ध्या मायक्रोसेकंदाला एक सॅम्पल पडतो, म्हणजे शून्य आणि एक यातला फरकच धड दिसणार नाही आणि तुम्ही म्हणाल प्रोटोकॉल काहीतरी वेगळाच आहे.

पल्सव्ह्यूमध्ये डब्ल्यूएस२८१एक्सचा डीकोडर आहे, तो लावला की रंगांची रांग समोर येते. एका एलईडीला २४ बिट, म्हणजे ३० मायक्रोसेकंद. पूर्ण फ्रेमची लांबी मोजा आणि तीसने भागा, एलईडींची संख्या मिळाली, ३९६० मायक्रोसेकंद भरली तर १३२. दोन पट्ट्या असल्या तरी त्या एकाच डेटावर समांतर असतात म्हणून आकडा एका पट्टीचाच येतो, गोंधळू नका. शिवाय ही संख्या फर्मवेअर किती पाठवतंय त्याची आहे, पातं छोटं असेल तर पुढचा डेटा नुसताच हवेत जातो, म्हणून पात्यातल्या एलईडी फोनच्या कॅमेऱ्याने मोजून ताडून बघा.

रंगांचा क्रम हिरवा, लाल, निळा असा असतो, लाल आधी नाही. सेबर शुद्ध लालवर ठेवा आणि २४ पैकी कुठल्या आठ बिटांत आकडा येतो ते बघा, मग हिरव्यावर, मग निळ्यावर, क्रम पक्का. लालवर ठेवूनही २५५ च्या ऐवजी १८० वगैरे दिसला तर तीच ती ब्राइटनेसची मर्यादा. पेटताना प्रत्येक फ्रेममध्ये किती एलईडी वाढतात आणि दोन फ्रेममध्ये किती वेळ जातो ते लिहिलंत की इग्निशनचा, म्हणजे पातं पेटण्याचा, वेग आकड्यात मिळतो, आणि हाच इफेक्ट दुसऱ्या बोर्डावर जसाच्या तसा बनवता येतो. फायर, अनस्टेबल, रेनबो, सगळे इफेक्ट असेच एकेक करून रेकॉर्ड करा, तो बटणांचा कागद आता काढा.

एक प्रश्न हमखास येतो, की डेटा ३.३ व्होल्टचा आहे मग सिग्नलचं व्होल्टेज वाढवणारा लेव्हल शिफ्टर का नाही दिसत? या एलईडींना "एक" समजायला पुरवठ्याच्या ७० टक्के व्होल्टेज लागतं. ५ व्होल्टवर ते ३.५ होतं, तिथे ३.३ काठावर कमी पडतं. पण सेबर एका सेलवर चालतो, सेल पूर्ण भरलेला असला तरी ४.२ चे ७० टक्के म्हणजे २.९४, आणि ३.३ आरामात पुरतं. म्हणूनच पात्याला टेबलावर वेगळ्या ५ व्होल्टच्या चार्जरवर टेस्ट केलं की रंग वेडेवाकडे नाचतात आणि मुठीत लावलं की गुण्यागोविंदाने चालतं.

मोशन सेन्सर

बोर्डावर चौकोनी, बिनपायाची, तीन-चार मिलिमीटरची काळी चिप शोधा, बहुधा इतर गर्दीपासून जरा लांब बसवलेली. तिच्याकडे जाणाऱ्या दोन वायरींवर ३.३ व्होल्टला जोडलेले दोन रेझिस्टर असतील तर आयस्क्वेअरसी बस आहे, म्हणजे चिपा एकमेकींशी बोलतात ती दोन वायरींची वाट. दोन चॅनेल लावा, डीकोडर लावा, आणि सेबरला वीज दिल्याचा पहिला सेकंद रेकॉर्ड करा, कारण कंट्रोलर सुरुवातीलाच सेन्सरला विचारतो की तू कोण, आणि तो आपणहून सांगतो. पत्ता हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) ६८, रजिस्टर (सेन्सरमधला क्रमांकाचा कप्पा) ७५, उत्तर ६८ आलं तर एमपीयू६०५०. पत्ता ६ए किंवा ६बी, रजिस्टर ०एफ, उत्तर ६९ तर एलएसएम६डीएस३. पत्ता १८ किंवा १९ आणि त्याच रजिस्टरला ३३ उत्तर आलं तर एलआयएस३डीएच, आणि यात गायरो (वळण्याचा वेग मोजणारा) नसतोच, नुसता अ‍ॅक्सेलरोमीटर (धक्का आणि कल मोजणारा), म्हणजे खोक्यावर "स्मूथ स्विंग" छापलेलं असलं तरी ते किती स्मूथ असेल ते समजून घ्या.

त्याच पहिल्या सेकंदात कंट्रोलर सेन्सरची रेंजही सेट करतो. एमपीयू६०५० मध्ये रजिस्टर १बी ला १८ लिहिलं तर गायरो सेकंदाला दोन हजार अंशांवर लावलाय, आणि मग कच्चा आकडा १६.४ ने भागला की अंश मिळतात. नंतर कंट्रोलर ३बी पासून १४ बाइट सारखे वाचत राहतो, तीन अ‍ॅक्सेलरोमीटर, एक तापमान, तीन गायरो. सेबर हळू, मग जोरात, मग आपटून बघा, आणि कुठल्या आकड्याला आवाज बदलतो ते जुळवा. क्लॅश नीट लागत नाही किंवा नुसतं फिरवलं तरी लागतो, याचं उत्तर इथे मिळतं.

आवाज

स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, एकही वायर ग्राउंड नसते. छोट्या अ‍ॅम्प्लिफायर चिपा दोन्ही टोकं उलटसुलट ढकलतात, त्यामुळे स्कोपची किंवा अ‍ॅनालायझरची ग्राउंड क्लिप स्पीकरला लावलीत तर अ‍ॅम्प्लिफायरचं एक टोक शॉर्ट केलंत असं समजा. नवीन स्पीकर लावताना जुन्याचा ओहम बघा, ४ च्या जागी ८ चालेल पण आवाज कमी येईल, उलट केलंत तर चिप तापेल.

कार्ड नसलेल्या सेबरमध्ये आवाज बहुतेक एका आठ पायांच्या फ्लॅश मेमरी चिपमध्ये असतात, नंबरात २५क्यू आणि पुढे आकडा. तो आकडा मेगाबिट आहे, ६४ म्हणजे ८ मेगाबाइट. आठ पायांवर बसणारी क्लिप आणि सीएच३४१ए प्रोग्रामरने ती वाचता येते, पण दोन गोष्टी सांभाळा. त्या काळ्या स्वस्त प्रोग्रामरच्या बऱ्याच नगांमध्ये डेटाच्या लाइनी ५ व्होल्टवर असतात आणि फ्लॅश ३.३ ची, आधी मीटर लावा. आणि क्लिपमधून वीज गेली की कंट्रोलरही जागा होऊन त्याच फ्लॅशशी बोलायला लागतो, मग वाचलेला डेटा कचरा, त्यामुळे त्याचा रीसेट पाय ग्राउंडला धरून ठेवा नाहीतर फ्लॅश काढूनच वाचा. दोनदा वाचून हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, जुळवा. चिपने ओळख म्हणून दिलेलं पहिलं उत्तर ईएफ ४० १७ आलं तर विनबाँडची ६४ मेगाबिटवाली.

ती फाइल ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये रॉ डेटा म्हणून इम्पोर्ट करा, १६ बिट, साइन्ड, लिटल एंडियन, मोनो, ४४१०० किंवा २२०५०. आवाज कॉम्प्रेस केलेले नसतील तर लाटा स्पष्ट दिसतात, नाहीतर सगळी खरखर. आधी साधा हिशोबही करून बघा, ४४१०० वर सेकंदाला ८८२०० बाइट लागतात, म्हणजे ८ मेगाबाइटमध्ये दीड मिनिटाच्या वर थोडंसंच मावतं. सेबर दहा फॉन्ट आणि गाणी वाजवत असेल तर आत नक्की एमपी३ सारखं काहीतरी आहे.

हम, म्हणजे पात्याचा सततचा गुंजारव, वेगळा काढून ऐकाच. स्टार वॉर्सचे आवाज बनवणाऱ्या बेन बर्टने मूळ हम फिल्म प्रोजेक्टरच्या मोटरचा आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबचा गुंजारव एकत्र करून बनवला होता, आणि फिरवल्याचा आवाज यावा म्हणून तो हम स्पीकरवर लावून समोर माइक हलवला होता. आजच्या स्मूथ स्विंगमध्ये माइकची जागा गायरोने घेतलीय, फ्लॅशमध्ये एक खालच्या आणि एक वरच्या पट्टीतला असे दोन लूप सापडतील आणि फिरवण्याच्या वेगाप्रमाणे कंट्रोलर एकातून दुसऱ्यात जातो. अशा जोड्या दिसल्या नाहीत आणि "स्विंग" नावाचे सुटे छोटे आवाजच दिसले तर सेबर जुन्या पद्धतीचा, ठरावीक वेगाच्या वर गेलं की एक क्लिप वाजवून मोकळा.

फर्मवेअरचं काय

आता कुठे चिपचा नंबर. अल्कोहोलने पुसून, उजेड तिरका धरून वाचा. एसटीएम३२ असेल तर बोर्डावर चार-पाच टेस्ट पॅड एका ओळीत असतात, त्यातले दोन डीबगचे. एसटी-लिंक हा प्रोग्रामर जोडून विचारता येतं, पण रीड प्रोटेक्शन लेव्हल एकवर असेल तर वाचू देणार नाही, आणि ते प्रोटेक्शन काढायला गेलात की चिप स्वतःची फ्लॅश पुसून टाकते. म्हणजे सेबर गेला, आणि परत टाकायला तुमच्याकडे फर्मवेअरही नाही. सॉफ्टवेअर "अनलॉक करू का" असं विचारेल तेव्हा नाही म्हणा. स्वस्त सेबरमधले एमपी३वाले कंट्रोलर तर याहून बंदिस्त. माझं मत स्पष्ट आहे, इथे वेळ घालवू नका, एवढ्यात तुमच्याकडे जो नकाशा झालाय त्यावर नवीन बोर्ड बसवून होईल.

कायद्याचंही थोडं. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात, कायदेशीररीत्या घेतलेला प्रोग्राम कसा चालतो हे निरीक्षण करून, तपासून समजून घ्यायला, आणि दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवण्यापुरती माहिती काढायला सूट आहे. पण काढलेलं फर्मवेअर किंवा कुणी बनवून विकलेले साउंड फॉन्ट वाटत सुटणं त्यात बसत नाही. पिनआउट, मोजलेले आकडे, वायरींचा नकाशा खुशाल शेअर करा, दुसऱ्यांचे आवाज नको.

नवीन बोर्ड म्हणून प्रॉफीबोर्ड घेतलात, जो एसटीएम३२एल४ वर चालतो आणि ज्याचं प्रॉफीओएस ओपन सोर्स आहे, तर त्याची कॉन्फिग फाइल तुम्हाला हेच विचारते, पिक्सेल किती, रंगांचा क्रम काय, पात्याची वीज कुठल्या मॉसफेटवर, बटणं किती. सगळी उत्तरं तुमच्या कागदावर आहेत. फक्त पोगो पिनांमध्ये प्लस कुठलं आणि मायनस कुठलं ते जोडण्याआधी परत एकदा मीटरने बघा, कारण मधला ठिपका डेटा असतो हे जवळपास सगळीकडे सारखं, पण बाहेरच्या कड्यांची अदलाबदल कंपनीगणिक होते.

मूठ बंद करण्याआधी बोर्डाच्या उघड्या भागावर कॅप्टॉन टेप, वायरी पॉमेलच्या आट्यांपासून लांब, आणि एक शेवटचं मोजमाप, सेबर बंद असताना तो किती करंट खातो. १५ मिलीअँप आला तर ३००० मिलीअँप-अवरचा सेल दोनशे तासांत, म्हणजे आठ-नऊ दिवसांत, कपाटात पडल्या पडल्या रिकामा होतो, आणि अडीच व्होल्टच्या खाली बरेच दिवस राहिलेला सेल परत चार्ज करण्याच्या लायकीचा राहत नाही. असा सेबर असेल तर मूठ उघडी आहे तोवरच बॅटरीच्या प्लसमध्ये एक छोटा स्लाइड स्विच टाकून घ्या, पण तो पात्याचा पूर्ण करंट झेपणारा हवा, खेळण्यातला अर्ध्या अँपिअरचा नको.